शिजवलेलं नको, पीठ द्या

उदगीरहून एका ताईंचं पत्र आलंय, चांगलं चार पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. सगळं छापता येणार नाही म्हणून मतलब तेवढा सांगते. त्यांची लेक नर्स आहे, लातूरला शिकली, अडीच वर्षं झाली इंग्लंडात लेस्टर शहरात दवाखान्यात नोकरीला आहे. ती राहते तिथून जवळच एक हॉटेल आहे, तिथं आता गिऱ्हाईक घेत नाहीत, सरकारनं त्यात दुसऱ्या देशांतून जीव वाचवून आलेली, आश्रय मागणारी माणसं ठेवलीत. बसस्टॉपवर लेकीची तिथल्या एका सुदानी बाईशी ओळख झाली, पदरात दोन लेकरं, एक सात वर्षांचं आणि एक कडेवरचं, नवऱ्याचा पत्ता नाही. तेव्हापासून लेक दर रविवारी डबा करून नेते, मैत्रिणींकडून जुने कपडे गोळा करून नेते. मागच्या महिन्यात गेटवरच्या माणसानं डबा आत नेऊ दिला नाही, कपड्यांच्या पिशव्याही परत पाठवल्या, आणि ती फोनवर आईजवळ रडली. घरच्या ग्रुपवर दीर म्हणतात की त्या लोकांना तिथं सगळं फुकट मिळतं, आपल्या पोरीनं कशाला मधी पडायचं, उद्या व्हिसावर आलं म्हणजे. ताई लिहितात, "मला रात्र रात्र झोप लागंना. लेकरू चांगलंच करायलंय हे कळतंय मला, पण परक्या मुलखात तिचंच काही बरंवाईट झालं तर? तिला थांबवू का? आणि थांबवायचं नसलं तर नीट कसं करायचं ते तरी सांगा, मी तिला पाठवते वाचायला."

ताई, थांबवू नका. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही जरा शांत डोक्यानं वाचाल.

व्हिसाची भीती पहिल्यांदा काढू. लेक ज्या नोकरीच्या व्हिसावर गेलीय त्यात बिनपगारी स्वयंसेवा करायला मुभा आहे, नियमांतच तसं लिहिलंय, त्यामुळं रविवारी कुणाला भेटली, कुणाच्या लेकराला शाळेची वाट दाखवली म्हणून तिच्या कागदाला धक्का लागत नाही. आणि ती बाईसुद्धा काही लपूनछपून राहत नाहीये, तिनं सरकारकडं रीतसर अर्ज केलाय, म्हणून तर सरकारनं तिला त्या हॉटेलात ठेवलंय, अर्जाचा निकाल लागेपर्यंत. जिवाच्या भीतीनं आलेल्या माणसाला परत त्याच आगीत ढकलायचं नाही हे १९५१ च्या निर्वासितांच्या करारात जगातल्या बऱ्याच देशांनी मान्य केलंय, ब्रिटननंही. आपल्या देशानं त्या करारावर सही केलेली नाही, पण १९५९ पासून तिबेटी लोक आपल्याकडं राहतातच, हिवाळ्यात स्वेटर विकायला येतात ना ते, गोंदिया जिल्ह्यात त्यांची नॉर्गेलिंग नावाची वसाहत आहे. म्हणजे असं माणूस आपण बघितलेलंच नाही असं काही नाही, आपण त्याला कधी त्या नजरेनं बघितलं नाही एवढंच.

दुसरी भीती मात्र खोटी नाही, ती मी उडवून लावणार नाही. २०२४ च्या जुलैअखेर तिथं साउथपोर्ट गावात तीन लहान मुलींचा खून झाला, मारणारा बाहेरून आलेला आश्रयार्थी आहे अशी खोटी बातमी मोबाईलवरून पसरली, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गावोगावी जमाव रस्त्यावर आला, रॉदरहॅमजवळ अशाच एका हॉटेलाच्या खिडक्या फोडल्या, आत माणसं असताना आग लावायला बघितली. संडरलँडला ड्युटीवर निघालेल्या फिलिपिनो नर्सवर दगड टाकले. २०२५ च्या उन्हाळ्यातही काही हॉटेलांपुढं मोर्चे झाले. तेव्हा तुमच्या पोटात गोळा येतो तो उगाच नाही. लेकीला एवढंच सांगा की एकटीनं जाऊ नको, ज्या दिवशी मोर्चाची कुणकुण असंल त्या दिवशी त्या रस्त्याला फिरकू नको, कुणी काही बोललं तर वाद घालत बसू नको, आणि भेटायचं हॉटेलच्या गेटवर नको, लायब्ररीत भेट, बागेत भेट. तिथं बऱ्याच शहरांत आश्रयार्थींसाठी आठवड्यातून एखादा दिवस हॉल उघडा ठेवतात, चहा असतो, इंग्रजी बोलायचा सराव असतो, लेकरांना खेळायला असतं. सिटी ऑफ सँक्च्युअरी नावाची एक चळवळ शेफील्डमधून २००५ साली सुरू झाली, लेस्टरमध्येही तिचे लोक आहेत. त्यांच्याकडं जाऊन नाव द्यायचं. ते तिच्या नावावर काही गुन्हा नाही ना याची सरकारी पडताळणी करून घेतील, लेकरांच्यात काम करायचं म्हणलं की ती लागतेच, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. मग ती एकटी राहत नाही, चार माणसांची होते, आणि गेटवरचा माणूसही चार माणसांच्या संस्थेशी वेगळं बोलतो.

त्या गेटवरच्या माणसाचा राग मात्र सोडायला सांगा तिला. बहुतेक ठिकाणी बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, घरचं शिजवलेलंही आत घेत नाहीत, कुणाला काही बाधलं तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न येतो, तो बिचारा नोकरी करतोय. आणि त्याच गेटनं काही नको ती माणसंही बाहेर अडवलीत हे लक्षात ठेवायचं.

आता दिरांचं. ते वाईट बोलले असं मला वाटत नाही, मोबाईलवर जे फिरतं ते त्यांनी पुढं ढकललं. पण हिशोब बघा. हॉटेलात जेवण मिळतं म्हणून तिथं माणशी हाती पैसे मिळतात आठवड्याला ९.९५ पौंड, म्हणजे आपले अकराशे-बाराशे रुपयांच्या आसपास, तेही एका कार्डावर. त्यात साबण, पॅड, फोनचा डेटा, औषधाची गोळी, लेकरानं हट्ट केला तर बिस्किटाचा पुडा, आणि बस. इंग्लंडात बसच्या एका बाजूच्या तिकिटाची कमाल मर्यादा ३ पौंड आहे, वकिलाकडं जाऊन यायचं म्हणलं तर आठवड्यातले निम्म्याहून जास्त तिथंच संपले. आणि कमवायची बंदी आहे हो, हेच लोकांना माहीत नसतं. अर्ज करून १२ महिने झाले, उशिरात त्या माणसाची चूक नसली, तरच कामाची परवानगी मागता येते, तीही ठराविक यादीतल्याच कामांसाठी. धडधाकट माणसानं खोलीत बसून राहायचं, भिंतीकडं बघत, महिनोन् महिने, कुणाकुणाचं वर्ष उलटतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अशी ५६ हजारांवर माणसं हॉटेलात होती, जून २०२५ ला ३२ हजारांवर आली, सरकार म्हणतंय २०२९ पर्यंत हॉटेलं बंद करू. खोली आहे, पलंग आहे, गरम पाणी आहे, हे खरंय, आणि त्याबद्दल त्या सरकारला दुवाच द्यायला पाहिजे. पण कडी आपली नाही, चूल आपली नाही, उद्या कुठं नेतील ते आपल्या हातात नाही.

इथं मी जरा लांबण लावणार आहे ताई, कारण तुमची लेक जे करायलीय तेच मी केलं होतं आणि चुकले होते.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. तुम्हाला तारीख सांगायची गरज नाही, उदगीरला तुमच्याही भिंती हलल्या असतील. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, रात्री गणपती बुडवून लोक नुकते अंग टाकलेले. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, एकोंडी, एकेक नाव घेतलं तरी अजून घशात येतं. आठ हजारांच्या आसपास माणूस गेलं. मी लातूरला कॉलेजात होते, आमचा गट तिकडं गेला आणि नंतर पत्र्याची शेडं उभी राहिली तेव्हा मी जवळजवळ दीड वर्ष जातयेत राहिले. पहिल्या महिन्यात रस्त्याच्या कडंला काय बघितलं असेल तर कपड्यांचे ढीग. मुंबई-पुण्याकडनं ट्रक भरभरून यायचे, देणाऱ्यांचा भाव खोटा नव्हता, पण त्यात फ्रॉक, कोट, नायलॉनच्या साड्या, तुटक्या चेनच्या पँटी, आणि समोर नऊवारी नेसणारी बाई. पाऊस झाला, ढीग भिजले, कुजले, शेवटी त्यावर जनावरं बसायची. लेकीला हे सांगा. पिशव्या परत आल्या त्याचं वाईट वाटून घेऊ नको, आधी विचार कुणाला काय पाहिजे, किती नंबरचा बूट, कितव्या वर्षाच्या लेकराचा कोट, शाळेच्या युनिफॉर्मचा रंग कोणता, आणि तेवढंच ने.

आणि डब्याचं असं झालं. आम्ही केंद्रातून पाकिटं वाटायचो, पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, रोज तेच. एका शेडात एक म्हातारी होती, घरातली चार माणसं गेलेली, नातू तेवढा राहिलेला. तिनं एक दिवस पाकीट परत माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "शिजवलेलं नको माय, पीठ द्या. हात रिकामे ऱ्हायले की डोस्क्यात तेच तेच फिरतंय." मला आधी राग आला, खरं सांगते, एवढं आपण धावपळ करून आणायलोय आणि हिला नको. मग एका मोठ्या बाई होत्या आमच्यासोबत, त्यांनी कुठनं तरी ज्वारीचं पीठ आणलं, एक काटवट आणली, तीन दगडांची चूल झाली. म्हातारीनं पहिली भाकरी थापली, भाजली आणि मला दिली. मी म्हणलं, नको आज्जी, तुम्ही खा, तुम्हाला लागेल. मला वाटलं मी किती चांगलं वागले. तिनं भाकरी खाली ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या मोठ्या बाई मला म्हणाल्या, अगं तिच्याकडं तुला द्यायला एवढंच होतं आणि तू तेही घेतलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मी गेले, तिच्या शेजारी बसले आणि मागून घेतली, मिठाच्या खड्यासंगं खाल्ली.

तेव्हापासून मी ज्याला त्याला हेच सांगत आलेय, आणि तुमच्या लेकीलाही एवढीच एक गोष्ट मनापासून सांगायचीय. तात्पुरत्या जागेत राहणाऱ्या माणसाला नुसतं देत राहू नका, त्याच्याकडनं घ्यासुद्धा, त्याच्या हाताला काही तरी राहू द्या. खायला कुणी तरी घालतंय, पांघरूण कुणी तरी देतंय, कुठं बसायचं कुठं उठायचं कुणी तरी ठरवतंय, अशानं माणूस जिवंत राहतं पण आतून बसतं.

माझी आजी भूम-परंड्याकडची. रझाकाराच्या काळात अख्खी गावं रातोरात सरहद्द ओलांडून निघाली, आमची माणसं बार्शीला गेली, एकाच्या गोठ्यात सात-आठ महिने काढले. निजामाच्या मुलखातले निर्वासित म्हणायचे त्यांना. (आणि पुढं पोलीस ॲक्शननंतर आपल्याच भागात कितीतरी मुसलमान घरांवरही गाव सोडून पळायची वेळ आली, तेही आजी सांगायची, आवाज खाली करून.) तर त्या गोठ्याबद्दल आजी फार काही बोलायची नाही, चिखल होता एवढंच. पण संक्रांत आली तेव्हा घरमालकिणीनं तिला हळदी-कुंकवाला बोलावलं, वाण दिलं, आणि आजीनं पदराला बांधून नेलेली मूठभर हावरी, म्हणजे तीळ, वाण म्हणून तिच्याकडनं घेतली, परत दिली नाही, ही गोष्ट आजीनं मरेपर्यंत सांगितली. वर्षभरात कुणी कुणी काय दिलं ते विसरली ती. आपल्याकडनं कुणी घेतलं ते लक्षात राहिलं.

आता बघा योग कसा आहे. ती बाई सुदानची. तिथं १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि दुसरी एक सशस्त्र फौज यांची लढाई पेटलीय, राजधानी खार्तूमपासून सगळं उद्ध्वस्त, एक कोटीहून जास्त लोक घरदार सोडून निघालेत. आणि त्यांचं रोजचं खाणं काय माहितीय का तुम्हाला? ज्वारी. आपलीच ज्वारी. किंबहुना त्यांचीच म्हणायला पाहिजे, कारण पूर्व सुदानात पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांवर ज्वारीच्या कोंड्याचे ठसे सापडलेत, ज्वारी तिकडनं फिरत फिरत आपल्याकडं आली. ते ज्वारीचं पीठ भिजवून आंबवतात आणि तापल्या तव्यावर कागदासारखं पातळ पसरतात, त्याला किसरा म्हणतात, कालवणासंगं खातात. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आपण आंबील आंबवतो ना, तोच आंबट वास. तुमच्या लेकीनं गेले कित्येक रविवार तिला काय नेलं असेल, पुलाव, छोले, बटाट्याच्या भाज्या. तिला म्हणावं, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या गुजराती दुकानांत ज्वारीचं पीठ मिळतं, ते घे आणि तिला विचार, किसरा कसा करतात मला शिकवशील का. बोलवायला लेकीची खोली पुरेशी असेल तर तिथं, नाही तर त्या हॉलमध्ये, देवळा-चर्चच्या स्वयंपाकघरात, जिथं परवानगी मिळेल तिथं. लेकरं भोवती नाचतील. पहिले दोन-चार तव्याला चिकटतील, चिकटू द्या. फक्त त्या बाईला रात्री मुक्कामाला ठेवून घेऊ नको म्हणावं, न सांगता रात्री बाहेर राहिलं तर तिच्याच खोलीवर येऊ शकतं.

दुसरं एक सुचतं. तुम्ही नांदेडला हुजूर साहिबला गेलाच असाल. लंगरमध्ये बघितलंय ना, जो जेवायला येतो तोच हात धुऊन पोळ्या लाटायला बसतो, कुणी विचारत नाही तू कोण. लेस्टरमध्येही गुरुद्वारे आहेत, तिथंही लंगर असतो. त्या बाईची इच्छा असेल तर तिला तिथं जेवायला नको, सेवेला घेऊन जा म्हणावं. तिचं मन मशिदीत रमत असेल तर तिथं. आश्रयार्थींना पगारी काम करता येत नाही पण धर्मादाय संस्थांमध्ये स्वयंसेवा करता येते, हे कित्येकांना माहीतच नसतं आणि ती खोलीत बसून राहतात.

आणखी एक, याला मी फार जपते. विचारू नका. किल्लारीत जो येईल तो शेडात वाकून विचारायचा, तुमचे किती गेले? पत्रकार, पुढारी, वर्गणी घेऊन आलेले मास्तर, सगळेच. एका माणसाला तर अशी सवय झाली की कुणी नवं दारात आलं की त्यानं विचारायच्या आधीच हा सांगायला लागायचा, बायको, दोन पोरं, आई, एका सुरात, पाढे म्हणल्यासारखं. मला ते अजून ऐकू येतं. या सुदानी बाईला तर अधिकाऱ्यांपुढं सगळं सांगावंच लागतं, कशी निघाली, कुणी मारलं, कुठनं आली, आणि एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा जरा इकडं तिकडं झालं तर त्याच्यावर बोट ठेवतात. म्हणून लेकीनं "तुझ्या नवऱ्याचं काय झालं" हे तोंडातनं काढायचंच नाही. तिनं आपणहून सांगितलं तर ऐकायचं, आणि ऐकलेलं तिथंच ठेवायचं, ना मैत्रिणीला, ना तुम्हाला फोनवर. फोटोही काढायचा नाही, स्टेटसला टाकायचा तर अजिबातच नाही. ज्यांच्या भीतीनं ती पळाली त्यांच्या हातातही मोबाईल आहे.

लेक नर्स आहे म्हणून तिला थोडं वेगळं सांगायचंय. तिच्या हातात जे आहे ते डब्यापेक्षा मोठं आहे. इंग्लंडात जीपीकडं, म्हणजे घराजवळच्या नेहमीच्या डॉक्टरकडं, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट, व्हिसा यातलं काहीच सक्तीचं नाही, तरी कधीकधी काउंटरवरून परत पाठवतात आणि नवं माणूस घाबरून जातं. तिथं शेजारी उभं राहणं, दुभाषी मागणं, तो मागायचा हक्क आहे आणि सात वर्षांच्या पोराला आईच्या दुखण्याचं भाषांतर करायला लावायचं नसतं हे सांगणं, एचसी२ नावाचं प्रमाणपत्र असतं ज्यावर औषधं, चष्मा, दात यांचे पैसे पडत नाहीत ते मिळालंय का बघणं, कडेवरच्याची लसीकरणं राहिलीत का बघणं. पण मर्यादाही आहे. वॉर्डात पेशंट म्हणून भेटलेल्या बाईशी अशी घसट करायची नाही, तिच्या व्यवसायाच्या नियमांत ते बसत नाही, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिचे कागद तर चुकूनही उघडून बघायचे नाहीत. ही ओळख बसस्टॉपवरची आहे, ती बसस्टॉपवरचीच ठेवायची.

आणि वकिली करायची नाही. हे मी ठळक सांगते कारण चांगल्या मनाची माणसं इथंच फसतात. "मुलाखतीत असं सांग, अर्जात हे लिही" असा सल्ला नोंदणी नसलेल्या माणसानं देणं हा तिथं कायद्यानं गुन्हा ठरू शकतो, फुकट दिला तरी. आणि गुन्ह्याचं सोडा, एक चुकीचा शब्द गेला तर त्या बाईचं आयुष्य उलटं होतं. लीगल एडवर, म्हणजे सरकारी खर्चानं, काम करणारे वकील असतात, मायग्रंट हेल्प नावाच्या संस्थेची मोफत हेल्पलाईन चोवीस तास चालते, तिथं फोन लावून द्यायचा, बसचं तिकीट काढून द्यायचं, बाहेर लेकरं सांभाळत बसायचं. बास.

पैशाच्या वस्तूंत काय न्यावं म्हणाल तर बसचे पास, फोनचा डेटा, आणि एक चांगली चाकांची बॅग. बॅग का, तर एक दिवस अचानक कागद येतो, अमुक गावाला हलवायलोत, आणि माणसं काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत सामान भरून निघतात. कुठं जायचं हे त्यांना निवडता येत नाही. लेकराची शाळा नुकती लागलेली असते, मित्र झालेला असतो. असं होणार हे लेकीनं मनात धरून चालावं, नाही तर एका रविवारी ती जाईल आणि ती बाई नसेल, आणि मग ती परत तुमच्याजवळ रडेल. नंबर घेऊन ठेवायचा, आणि नव्या गावात असाच हॉल कुठं आहे ते शोधून तिला पाठवायचं.

आणि निकाल चांगला लागला, राहायची परवानगी मिळाली, म्हणजे सगळं झालं असं समजून लेकीनं त्या दिवशी पेढे वाटून मोकळं होऊ नये. तिथं परवानगी मिळाली की चार-आठ आठवड्यांत खोली सोडावी लागते आणि ते आठवड्याचे पैसेही बंद होतात. तेवढ्यात बँकेचं खातं, सरकारी भत्त्याचा अर्ज, घर, घराचं डिपॉझिट, कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसच्या चकरा, सगळं एकदम अंगावर येतं, तेही परक्या भाषेत. किल्लारीच्या वेळी ५२ गावं नव्या जागी वसवली, ज्या दिवशी चाव्या दिल्या त्या दिवशी फोटो झाले, हार झाले आणि आमच्यासारखे स्वयंसेवक बॅगा भरून घरी गेले. मीही गेले. पुढं कळलं की त्या सरळ रेषेतल्या घरांत, शेजारी कोण ते माहीत नसताना, काढलेले पहिले सहा महिने शेडातल्यापेक्षा अवघड गेले कित्येकांना. मला त्याची रुखरुख आजही आहे. लेकीला म्हणावं, तुझी खरी गरज त्या दिवसापासून पुढं आहे, रजा शिल्लक ठेवायची असेल तर तेव्हासाठी ठेव.

आणि दिवसभर नको. नाईट करून आलेल्या पोरीनं दर रविवार अख्खा द्यायचा म्हणलं तर चार महिन्यांत थकेल. दोन तास, पण ठरलेले. येते म्हणली की जायचं, जमत नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं. ज्या लेकरांनी एवढी माणसं अचानक नाहीशी झालेली बघितलीत त्यांना घड्याळाप्रमाणे येणारं एक माणूस लागतं.

दिरांसाठी लेस्टरचीच एक गोष्ट लिहिते, ग्रुपवर टाका वाटलं तर. १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडात इदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, बहुतेक गुजराती, पिढ्यान् पिढ्या तिकडं दुकानं चालवणारे. २७-२८ हजार माणसं ब्रिटनला आली, सोळा ठिकाणी रिकाम्या लष्करी छावण्यांत त्यांना ठेवलं, थंडीचे दिवस, अंगावर पातळ कपडे, तिथल्या बायकांनी कोट वाटले. त्या वेळी लेस्टरच्या कौन्सिलनं युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका, इथं जागा नाही. लोक तरीही गेले. आज तुमची लेक ज्या रस्त्यावर दिवाळीच्या पणत्या आणि चिवडा घेते तो बेलग्रेव्ह रोड त्याच माणसांनी उभा केलाय, आणि तिला ज्वारीचं पीठ मिळणार आहे ते त्याच रस्त्यावर.

तुम्ही स्वतः काय करायचं, ते पत्रात विचारलं नाहीत पण मला सांगावंसं वाटतं. येत्या रविवारी त्या दोघी सोबत असतील तेव्हा व्हिडिओ कॉल करा. इंग्रजी येत नाही म्हणून लाजू नका, तिलाही कुठं धड येतंय. कॅमेऱ्यापुढं एक भाकरी थापून दाखवा, मग तिला तिचं दाखवू द्या. आणि हैदराबादहून कुणी ओळखीचं तिकडं जाणारं असलं तर लेकीसाठी एक काटवट पाठवा, लाकडाची जड होते, बॅगेत वजन धरतात, तेव्हा लहानातली बघा, दीड वितीची पुरे, दोघींपुरतंच पीठ मळायचंय.